समक्ष पाहून

आमच्या उंबरफाट्यावर फुटपाथ झाला त्या दिवशी मी त्यावरून तीन वेळा उगाच चालून आलो. हसायचं तर हसा. शिळफाट्याकडून येणाऱ्या ट्रकांचा चिखल चाळीस वर्षं ज्याने लेंग्यावर झेलला, त्याच्या पायाखाली लाल-पिवळे पेव्हर ब्लॉक आले की त्याला चालावंसं वाटतंच. रस्ता रुंद झाला, दोन्ही बाजूंना फुटपाथ झाला, गटारांवर झाकणं बसली, दिवे आले, चार बाकडी आली आणि निळ्या पत्र्याचा बस थांबा आला. इतकं झपाट्याने आमच्याकडे काही होत नाही, पण पौषात सुरू झालेलं काम वैशाखात पुरं झालं. त्यासाठी जे अर्ज गेले त्यातल्या प्रत्येक अर्जावर पहिली सही माझी होती. रोहिदास महादू बडेकर. खोपोलीच्या कारखान्यातून टाइमकीपर म्हणून निवृत्त झालो तेव्हापासून फाट्यावर जे जे कागद होतात, त्यावर मी असतो. कुणाला साक्षीदार हवा, कुणाला पंच हवा, की बडेकर काका. माझी मान त्यामुळे जरा ताठच असायची, हे कबूल करतो.

त्या रविवारी सकाळी आम्ही नेहमीसारखे हर्षदच्या चहाच्या टपरीवर बसलो होतो. हर्षद माझ्याहून वीसेक वर्षांनी लहान, इथलाच, तोंडाचा मोकळा. आमच्यात ऋषिकेशही होता. तो मागच्या नव्या बिल्डिंगमध्ये सातव्या मजल्यावर राहतो, रहिवाशांचा व्हॉट्सॲप ग्रुप चालवतो. त्याने चहा घ्यायच्या आधी मोबाइल माझ्यासमोर धरला.

"काका, हे बघा. चार दिवस झाले, बस थांब्यात मुक्काम ठोकलाय. नव्या ब्लॉकवर चूल मांडलीय. तीन ब्लॉक काळे पडलेत."

फोटोत दोन बोचकी होती, एक पातेलं, आडवा झालेला एक माणूस आणि पाठमोरी बाई. चूल मात्र स्पष्ट दिसत होती. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तो ब्लॉक बसताना मी उन्हात उभा राहून बघितलेला होता.

"बाहेरचं लोक हायत," हर्षद गाळणीतून चहा ओतत म्हणाला. "कुंभिवलीकडं कंपन्यांत काम सुटलं का हिकडं येतात."

"तू विचारलंस?"

"विचारायचं काय त्यात काका? दिसतंय ना."

"मला त्यांना त्रास द्यायचा नाहीये," ऋषिकेश म्हणाला. "पण माझ्या मुलीच्या सुट्टीतल्या शिबिराची बस तिथे थांबते. मुलं उन्हात उभी राहतात आणि थांब्यात धूर. बेघर लोकांची सोय सरकारने करावी ना. शहरात निवारे असतात त्यांच्यासाठी."

"आपलं काय शहर हाय?" हर्षद म्हणाला.

"फुटपाथ आला म्हणजे शहरच," मी म्हणालो, आणि आम्ही तिघेही हसलो.

मग एकेक निघत गेलं. फुटपाथवर मोटारसायकली लागतात. गटाराची दोन झाकणं आत्ताच डुगडुगतात. दिवे दुपारीही चालू असतात. पण शेवटी सगळं त्या थांब्यावर आलं. इतक्या वर्षांनी फाटा जरा माणसात आला आणि लगेच कुणीतरी येऊन तिथे पातेलं घासायला बसावं, याचा मला खरोखर राग आला होता. मी तिथल्या तिथे कागद मागवला आणि अर्ज लिहायला घेतला. 'सदर इसम बाहेरगावचे असून त्यांनी प्रवासी निवाऱ्यात अनधिकृत वास्तव्य केले आहे.' माझं लेखी मराठी चांगलं आहे असं सगळे म्हणतात.

"नावं पाहिजेत काका," ऋषिकेश म्हणाला. "नावं नसली की अर्ज नुसता फाइलला लागतो."

"मग विचारून येतो," मी म्हणालो आणि खिशाला पेन लावून निघालो.

थांबा टपरीपासून दीडदोनशे पावलांवर. माणूस तसाच आडवा होता, त्याच्या उजव्या पायाला घोट्यापासून गुडघ्यापर्यंत बँडेज होतं. बाई माझ्याकडे पाठ करून राखेने पातेलं घासत होती. मी कारखान्याच्या गेटवर लावायचो तो आवाज लावला.

"काय नाव तुमचं? कुठून आलात?"

बाईने मान वळवली. पदराने कपाळ पुसलं आणि म्हणाली, "काका, मी कोंडी. मला वळखलं नाय?"

कोंडी! वीस वर्षं ज्येष्ठ लागला की माझ्या दारात करवंदांची पाटी उतरवणारी कोंडी. पावसाच्या तोंडाला शेवळांची रानभाजी आणून देणारी, माझ्या बायकोला, वनिताला, भाजीची खाज मारायला आंबट काकडं किती घालायची ते दरवर्षी नव्याने सांगणारी कोंडी. आणि तो आडवा माणूस म्हणजे तिचा नवरा नागू, ज्याने माझ्या परसातलं अख्खं कुंपण घातलं होतं. मी त्यांना 'सदर इसम' करून आलो होतो. फोटोत बघून मला ओळखू आले नव्हते, कारण आपल्या माणसाला आपण असं फुटपाथवर बघतच नाही.

"अगं, तू इथं काय करतेस? वाडीवर जायचं सोडून?"

मी चेष्टा करतोय का, असं तिने माझ्याकडे पाहिलं.

"वाडी कुटं हाय काका?" तिने ओल्या हाताने रस्त्यापलीकडे दाखवलं. तिथे नवं बाकडं होतं, बाकड्याशेजारी दिव्याचा खांब. "त्या खांबाखाली माजी चूल व्हती."

मला माहीत नव्हतं असं म्हणणार नाही. तिथे कातकरी वाडीची घरं होती, मातीची, कुडाची, आणि माघात जेसीबी आला तेव्हा मी लांबून बघत होतो. पण रस्त्यात गेलेल्यांना वरच्या अंगाला जागा मिळणार असं कानावर होतं, आणि मिळाली असेल असं मी धरून चाललो होतो. धरून चाललो, बस्स. कुणाला विचारलं नाही.

"तुमाला ठाव हाय ना काका, दिवाळी झाली का आमी सगळी भट्टीवर जातो," कोंडी म्हणाली. "विटा पाडायला. परत यायचं वैशाख सरता सरता. औंदा ह्याच्या पायावर ट्रकचा फाळका पडला, म्हनून आमी दोगं आदी आलो. एसटीतनं उतरलो नि बघतोय तर घर नाय. मला वाटलं चुकीच्या फाट्याला उतरलो."

"दरवर्षी तुझी सासू मागे राहायची ना?"

"म्हातारी भादव्यात गेली. औंदा वाडीत कुनीच नव्हतं."

तेवढ्यात नागू कोपरावर उठला. बोचक्यातून त्याने प्लॅस्टिकची पिशवी काढली आणि पिशवीतून घडी घातलेला कागद.

"मंगळवारी कर्जतला बोलावलंय," तो म्हणाला. "जागा देत नाय म्हनतात. म्हनं घर पडीक व्हतं. संघटनेच्या येका ताईनं धावपळ करून हा कागूद काडून दिला, पन ती गेली कडावला. आमाला कुटं वाचाया येतं."

"वाचा ना काका," कोंडी म्हणाली. "कुनी लिवून दिलंय ते बगू तरी."

मी चष्मा लावला. पंचनामा होता. 'आम्ही खाली सही करणारे पंच समक्ष पाहून लिहून देतो की, घर क्रमांक चार हे पडीक अवस्थेत असून दारात काटेरी झुडपे वाढलेली आहेत. घरात मानवी वास्तव्याच्या कोणत्याही खुणा नाहीत.' मी हे मोठ्याने वाचलं, कारण वाचायला सुरुवात केली तेव्हा पुढे काय आहे ते मला माहीत नव्हतं.

"झुडपं?" कोंडी उभीच राहिली. "अवो, ती करवंदीची फांदी! मी सोता तोडून आडवी बांदली व्हती, बकरं-कुत्रं शिराया नको म्हनून. सगळी वाडी बांदते."

खरं होतं. दिवाळीनंतर त्या वाडीच्या प्रत्येक दारावर काटेरी फांदी असते. ती असली की माणसं भट्टीवर गेलीत, परत येणार आहेत, हे फाट्यावरचं शेंबडं पोरही सांगेल. मी तर इथेच जन्मलो.

"खाली सही कुनाची हाय?"

खाली दोन सह्या होत्या. दुसरी हर्षदची होती. पहिली माझी. पूर्ण नाव, शेवटच्या 'र'ला मारलेला झोकदार फराटा, खाली दोन टिंबं. पायाखालची जमीन सरकते म्हणतात ते मी पासष्ट वर्षं नुसतं ऐकत आलो होतो.

"सही लागत नाही गं," मी म्हणालो. "गिचमीड आहे."

"येक तरी लागंल ना काका," नागू म्हणाला.

"नाही लागत."

"ऱ्हाऊ दे," कोंडीने कागद माझ्या हातातून हलकेच घेतला. "तुमाला लागत नाय तर कुनाला लागनार. पन काका, मंगळवारी संगं याल का? आमचं तिथं कोन ऐकतंय? तुमी फाट्यावरलं मोटं मानूस. तुमी निस्तं सांगा, का कोंडी हितलीच हाय."

येतो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो? ती जागा गेली तर ह्या दोघांना पाऊसभर त्या निळ्या पत्र्याखाली राहावं लागणार होतं, तेही आम्ही राहू दिलं तर. आणि ती माझ्यामुळे जात होती.

टपरीवर परत आलो तेव्हा अर्ज तसाच बाकावर पडला होता, वर वाऱ्याने उडू नये म्हणून हर्षदने बिस्किटाची बरणी ठेवलेली.

"कोन हाय?" हर्षदने विचारलं.

"कोंडी. नागू आणि कोंडी."

हर्षदचा हात स्टोव्हच्या पंपावर थांबला. "आपली कोंडी?"

"कोण कोंडी?" ऋषिकेश म्हणाला.

मी सगळं सांगितलं. पंचनाम्याचंही सांगितलं. तो ह्याच टपरीवर झाला होता. पौषातली सकाळ, कडाक्याची थंडी, रस्त्याच्या मोजणीचा लिहून घेणारा बाबू जीपमधून उतरला. 'काका, दोन पंच हवेत, गारठा किती आहे, तुम्ही कशाला त्रास घेता, मी मोबाइलवर फोटो काढून आलोय.' हर्षदने कांदाभजी तळायला घेतली होती. बाबूने एक कागद वाचून दाखवला, त्यातलं ते काटेरी झुडपांचं वाक्यही मी ऐकलं. ऐकलं आणि भजं मिरचीला लावून खाल्लं. मग त्याने कागदांचे कोपरे दुमडून आमच्यापुढे सरकवले आणि आम्ही सह्या करत गेलो.

"म्हणजे न बघता?" ऋषिकेश थक्क होऊन म्हणाला. "काका, तुम्ही न बघता सही केलीत? 'समक्ष पाहून' असं लिहिलेल्या कागदावर?"

"तू न विचारता फोटो टाकलास ना ग्रुपवर?" मी उसळलो. "दोनशे माणसांनी बघितला असेल. एकाने तरी विचारलं का, कोण आहेत म्हणून?"

त्याने मोबाइल खिशात घातला. मला बोलून बरं वाटलं नाही, कारण माझी चूक त्याने लहान होत नव्हती.

"किती कागद होते रे हर्षद?" मी विचारलं.

"कुनी मोजलं? तुमी सही केली का मी करत व्हतो." त्याने आवाज खाली आणला. "काका, मूग गिळून गप ऱ्हावा. खोटा पंचनामा म्हंजी केस हाय. माजी टपरी जाईल, तुमी ह्या वयात कोर्टाच्या पायऱ्या चढाल. नागूला आपन दुसरीकडं कुटं तरी बगू जागा."

"कुठं?"

तो पुन्हा स्टोव्हला पंप मारायला लागला. मी अर्ज फाडला आणि घरी आलो.

वनिता ओटीवर विळीवर फणसाचे गरे सोडवत होती. हात तेलाने माखलेले. मी तिच्यापुढे बसून सगळं सांगितलं. पंचनाम्याचं ऐकताना तिचे हात चालूच होते. पण सही लागत नाही म्हणालो, इथपर्यंत आलो तेव्हा तिने विळी आडवी केली.

"काय म्हनालात तुमी तिला?"

"गिचमीड आहे म्हणालो."

"अवो, तुमची सही आंधळ्याला लागंल! तिनं कागूद विश्वासानं हातात दिला नि तुमी तोंडावर खोटं बोललात?"

"घाबरलो गं."

"घाबरायचंच. पन मंगळवारी काय सांगनार? तुमी निस्तं म्हनाल कोंडी हितली हाय, नि सायेब तुमचीच सही तुमाला दाखवतील. मंग?"

मी रात्रीचं जेवण नीट जेवलो नाही, सोमवारचंही नाही. मला केसची भीती होती, ती होतीच. पण त्याहून मोठी भीती मला कोंडीच्या चेहऱ्याची होती. फाट्यावर माझं जे काही नाव आहे ते ह्या सहीवर उभं होतं, आणि ती सही काय लायकीची आहे हे आता चारचौघांत कळणार होतं.

मंगळवारी आम्ही तिघं शेअर इको गाडीत बसून कर्जतला गेलो. नागूला काठी आणि माझा खांदा. कोंडीने धुतलेलं लुगडं नेसलं होतं, रेशनकार्ड आणि मतदानाचं कार्ड पदराच्या गाठीत. वाटेत ती दोनदा म्हणाली, "तुमी हायत म्हनून बरं हाय काका." दोन्ही वेळा मी खिडकीबाहेर बघितलं.

सुनावणी घेणाऱ्या मॅडम तरुण होत्या. त्यांनी रेशनकार्ड बघितलं, मतदान कार्ड बघितलं. "कार्डावर पत्ता आहे," त्या म्हणाल्या, "पण पंचनामा म्हणतो घर पडीक. नोटीस दारावर लावली होती, तिलाही कुणी उत्तर दिलं नाही."

"नोटीस दाराला लागली तवा आमी भट्टीवर," कोंडी म्हणाली. "हे काका सांगतील. हे मोटे हायत आमच्या फाट्यावरले."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही कोण?"

मी उठलो. "मी पंच क्रमांक एक," मी म्हणालो. "रोहिदास महादू बडेकर. ती पहिली सही माझी आहे."

कोंडीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे बघितलं नाही, बघितलं असतं तर पुढचं बोलता आलं नसतं.

"मी घर पाहिलं नव्हतं," मी म्हणालो. "मी टपरीवर बसून सही केली. दारात झुडपं नव्हती, बांधलेली फांदी होती. ही माणसं दरवर्षी दिवाळीनंतर जातात, वैशाखात येतात. हे मला माहीत होतं. तरी केली."

मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"हे लेखी द्याल? याचे परिणाम तुम्हाला माहीत आहेत?"

"देतो. माहीत आहेत."

त्यांनी शिपायाकडून जाड फाइल मागवली. एक पान उलटून माझ्यापुढे धरलं. "ही सही?"

"माझी."

दुसरं पान. "ही?"

"माझी."

तिसरं, चौथं, पाचवं. प्रत्येक पानावर तेच वाक्य होतं, पडीक अवस्था, काटेरी झुडपे, नुसता घराचा आकडा वेगळा. आणि खाली प्रत्येक ठिकाणी माझा तो फराटा आणि दोन टिंबं. अकराव्या पानाला फाइल संपली. मला खरंच वाटलं होतं तीन-चार कागद असतील. अख्खी वाडी मी एका बशीभर भज्यांवर लिहून दिली होती.

"ह्यातलं एकही घर तुम्ही पाहिलं नाही?" मॅडमनी विचारलं. त्यांचा आवाज चिडका नव्हता, नुसता चकित होता, आणि ते जास्त लागलं.

"नाही."

"मग अकरा जबाब द्यावे लागतील. वेगवेगळे."

मी दुपारभर बसून अकरा जबाब लिहिले. जबाबांवरून फेरतपासणी होईल, जागेचा प्रस्ताव जाईल, वेळ किती लागेल ते सांगता येत नाही, असं मॅडमनी कोंडीला समजावलं. तिने मान हलवली. माझ्यावर पुढे काय होईल ते नोटिशीने कळवणार होते.

परतताना इकोत ती मागच्या सीटवर जाऊन बसली, मी पुढे. निम्म्या वाटेत मी मागे वळून म्हणालो, "कोंडी, मला माफ कर गं."

तिने पदराची गाठ सोडून कार्डं मांडीवर घेतली.

"सही केलीत ती केलीत," ती म्हणाली. "मानूस चुकतो. पन मी कागूद तुमच्या हातात दिला तवा तुमाला वाचाया येत व्हतं काका."

नागू डोळे मिटून पाय धरून बसला होता.

"बाकीची शुक्रवारी येनार," ती पुढे म्हणाली. "धाही घरं. आमी फोनवर कायबी सांगितलं नाय. सोमी भट्टीवरच बाळंत झाली, नऊ दिसांची पोर हाय. तिला फोनवर काय सांगू, का घर नाय? तिथं रडून काय करंल? त्यांना तुमी सांगायचं. मी नाय सांगनार."

बुधवारी संध्याकाळी ऋषिकेशने त्यांच्या बिल्डिंगच्या आवारात रहिवाशांना बोलावलं. त्याने आधीच ग्रुपवरचा फोटो काढून टाकून खाली माफी लिहिली होती, एवढं श्रेय त्याला द्यायला हवं. मी उभा राहून अकरा घरांचं सांगितलं. पन्नास-साठ माणसं, शुक्रवारी येणार. लोकांना धक्का बसला. एक बाई तर रडल्या. "आम्ही ह्या फुटपाथवर रोज सकाळी चालतो हो," त्या म्हणाल्या. "खाली घरं होती हे माहीतच नव्हतं."

मग मी विचारलं, जागा मिळेपर्यंत कुठे ठेवायचं त्यांना. तुमचा हॉल रिकामा असतो. तेव्हा एकेकाच्या अडचणी निघाल्या. हॉलला ठराव लागतो. हॉलला एकच संडास आहे. शनिवारी बारसं आहे. एकाने शाळेचं नाव सुचवलं, शाळा सुट्टीत बंद, चावी मुख्याध्यापकांकडे, मुख्याध्यापक गावाला. सगळे हळहळत होते आणि सगळ्यांनी हात वर केले होते. मी चिडणार होतो. पण चिडायचा हक्क माझा उरला नव्हता. शेवटी हर्षद, जो मला गप्प राहा म्हणाला होता तोच, मागून म्हणाला, "माजी लाकडं ठेवायची शेड हाय. दोन घरं मावतील. लेकुरवाळी आदी." तेवढीच एक जागा झाली.

शुक्रवारी मी सकाळपासून थांब्यात जाऊन बसलो. कोंडी एका टोकाला, मी दुसऱ्या. ती माझ्याशी बोलत नव्हती, पण दुपारी तिने मला तांब्याभर पाणी दिलं. कसं सांगायचं ते मी मनात पुन्हा पुन्हा जुळवत होतो. आधी बसवायचं, पाणी द्यायचं, मग सांगायचं. रडतील, शिव्या देतील, दगड मारतील तर मारू देत.

चार वाजता टेंपो आला आणि अगदी थांब्याला लागून उभा राहिला. समोरचं काही दिसेना, नुसता टेंपोचा हिरवा पत्रा आणि वर ताडपत्रीखाली माणसंच माणसं. पोरं आधी उड्या टाकून उतरली. मग भांडी, गोधड्या, डालग्यातल्या कोंबड्या, एक पंखा. भट्टीच्या लाल धुळीने सगळ्यांचे केस माखलेले, आणि घरी आल्याचा आनंद चेहऱ्यावर मावत नव्हता. म्हाताऱ्या कोंडाजीने उतरल्या उतरल्या पायाखालचे ब्लॉक काठीने ठोकून बघितले आणि म्हणाला, "हात्तिच्या! फाटा लई सुदारला की!"

कोंडीने पदर तोंडाशी धरला.

सोमी शेवटी उतरली. वीस-बावीस वर्षांची पोर, कानाला फडकं बांधलेलं, छातीशी गाठोडं. मला बघून ती हसली. ती लहान असताना आईबरोबर माझ्या ओटीवर यायची.

"काका! तुमी न्यायला आलात आमाला?"

"सोमी, बाळा, इकडे ये. आधी मी काय सांगतो ते..."

"जरा धरा काका हिला," ती म्हणाली आणि ते गाठोडं तिने माझ्या हातांत दिलं. आत एवढासा चेहरा, मुठी मिटलेल्या. तिने टेंपोतून नवी केरसुणी खेचून काढली. "म्हयनोन्म्हयने बंद हाय घर, धूळ किती असंल. म्या पुडं जाते, झाडून घेते, मंग तिला आत नेते. उन्हात नको."

"सोमी, थांब."

"आलेच काका, दोन मिन्टात."

ती केरसुणी काखेत मारून, टेंपो पुढे होण्याची वाट बघत रस्त्याच्या कडेला उभी राहिली. पोर माझ्या हातात हलली. मी पुन्हा हाक मारली, पण ड्रायव्हरने तेवढ्यात गाडी चालू केली होती आणि माझा आवाज तिच्यापर्यंत गेला नाही. टेंपो सरकला, आणि समोरचा रस्ता मोकळा झाला.